शिब्डन हॉलचं दप्तर : अ‍ॅन लिस्टर कागदांतून कशी बाहेर आली

घराण्यातल्या एखाद्या जुन्या बाईचा माग काढायला बसलं की बहुतेक वेळा कागदच हाती लागत नाहीत. कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई एवढं कळतं आणि तिथे वाट खुंटते. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या लिस्टर घराण्यापुढची अडचण अगदी निराळी होती. त्यांच्या राहत्या वाड्यात एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेले सुमारे पन्नास लाख शब्द होते. घरच्या माणसाला ते ठाऊक होते. त्याने त्यांतला लपवलेला भागही वाचला. तरीही ती बाई लोकांपर्यंत पोचायला जवळजवळ आणखी शंभर वर्षं गेली.

म्हणूनच हे प्रकरण पूर्वजांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तपशिलात पाहावं असं मला वाटतं. दप्तर टिकलं की त्यातलं माणूसही टिकलं, असं आपण गृहीत धरतो. इथे दप्तर जवळपास अखंड राहिलं आणि ते ज्यांच्या ताब्यात होतं, त्या प्रत्येकाने त्यातली कुठली बाई बाहेर येऊ द्यायची हे आपापल्या काळाच्या भयाने किंवा धैर्याने ठरवलं. त्यामुळे अ‍ॅन लिस्टरचा अभ्यास करताना तिचे कागद सांभाळणाऱ्यांचाही अभ्यास करावा लागतो.

बाई आणि तिची लिहिण्याची सवय

अ‍ॅनचा जन्म ३ एप्रिल १७९१ रोजी हॅलिफॅक्समध्ये झाला. वडील जेरेमी लिस्टर सैन्यात होते आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढून आले होते. शिब्डन हॉल हा हॅलिफॅक्सजवळचा पंधराव्या शतकातला वाडा घराण्याची मूळ मिळकत होती. तिथे अ‍ॅनचे काका जेम्स आणि आत्या राहत. दोघंही अविवाहित. अ‍ॅनचा एकुलता उरलेला भाऊ सॅम्युएल १८१३ मध्ये सैन्यात असताना बुडून गेला आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. १८१५ पासून अ‍ॅन काका-आत्यांकडे राहू लागली. १८२६ मध्ये काका वारले तेव्हा त्यांनी शिब्डनची मिळकत तिच्या नावे करून ठेवली होती. विवाहित बाईची मालमत्ता त्या काळच्या कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जाई. ही पुतणी लग्न करणार नव्हती, हे काकांना ठाऊक होतं. इतर कुठल्याही घरात जी गोष्ट मुलीच्या विरोधात गेली असती, ती इथे तिच्या बाजूने पडली.

लग्न न करण्याचं कारण तिने कधी स्वतःपासून लपवलं नाही. तिचं प्रेम बायकांवर होतं आणि हे आपल्या स्वभावातच आहे, देवानेच आपल्याला असं घडवलं आहे, अशी तिची पक्की धारणा होती. ती कायम काळे कपडे घाले, मैलोन्‌मैल पायी फिरे, ग्रीक आणि गणित शिके, पॅरिसला जाऊन शरीरशास्त्राचे धडे घेई. मिळकत हाती आल्यावर तिने कोळशाच्या खाणी स्वतः चालवायला घेतल्या आणि त्या धंद्यातल्या रॉसन बंधूंशी टक्कर घेतली. हॅलिफॅक्समधले लोक तिला पाठीमागे ‘जंटलमन जॅक’ म्हणत.

तिने या सगळ्याची रोज नोंद ठेवली. सकाळी किती वाजता उठले, थर्मामीटरवर पारा किती होता, कुठे किती मिनिटांत चालत गेले, कोणाचं पत्र आलं, कोणाला गेलं, किती पैसे खर्च झाले, कोणत्या कुळाशी काय बोलणं झालं. अक्षर बारीक आणि दाटीवाटीचं, निम्मे शब्द तोडलेले. शिवाय तिने आपल्याच वह्यांची सूची करून ठेवली होती, म्हणजे हे लिखाण पुढे पाहावं लागेल याची तिला जाणीव होती. मधूनमधून लिपी बदलते. ग्रीक अक्षरं, गणिती चिन्हं आणि स्वतः योजलेल्या खुणा एकमेकींना चिकटून येतात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. एकूण लिखाणाचा सुमारे एक षष्ठांश भाग असा आहे. प्रेम, शरीर, आजारपण, पैशाची तंगी, लोकांबद्दलची खरी मतं हे सगळं त्या भागात.

एलायझा

इथे थोडं थांबतो, कारण या लिपीचं मूळ आपल्या बाजूला येतं आणि मला ते ओलांडून पुढे जाता येत नाही.

अ‍ॅन तेरा-चौदा वर्षांची असताना यॉर्कमधल्या मॅनर हाउस शाळेत होती. तिथे तिच्याबरोबर एलायझा रेन नावाची मुलगी शिकत होती. एलायझाचा जन्म मद्रासचा. वडील विल्यम रेन ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य, आई हिंदुस्थानी. वडील वारल्यावर ती आणि तिची बहीण जेन यॉर्कशरमध्ये वडिलांचे मद्रासमधले सहकारी विल्यम डफिन यांच्या देखरेखीखाली वाढल्या. एलायझा आणि अ‍ॅन यांचं एकमेकींवर प्रेम जडलं. सांकेतिक लिपीची सुरुवात या दोघींच्या व्यवहारातली. अ‍ॅनच्या रोजनिशीची पहिली उपलब्ध नोंद ११ ऑगस्ट १८०६ ची आहे आणि ती एलायझा आपल्याकडून निघून गेल्याची आहे.

अ‍ॅन पुढे दुसऱ्या मैत्रिणींकडे वळली. एलायझा वाट पाहत राहिली. १८१४ मध्ये तिला वेडी ठरवून यॉर्कजवळच्या खासगी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं आणि १८६० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती दुसऱ्यांच्या ताब्यातच राहिली. तिची स्वतःची छोटी रोजनिशी आहे, पत्रं आहेत, आणि ती अ‍ॅनच्या कागदांत जपली गेली आहेत. मद्रासहून आलेल्या या मुलीचा आवाज आज ऐकू येतो तो तिला सोडून गेलेल्या बाईने तिचे कागद फेकले नाहीत म्हणून. घराण्याच्या दप्तरात काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. ज्याच्या नावाचं दप्तर असतं, त्याच्या गठ्ठ्यात इतरांची आयुष्यंही बांधलेली असतात. एलायझासारख्या माणसांच्या नावाचं वेगळं दप्तर कुणी केलेलं नसतं.

कागद एकमेकांना कसे पुरे पडतात

१८३४ हे वर्ष घेऊ. शेजारच्या मिळकतीची वारस अ‍ॅन वॉकर आणि अ‍ॅन लिस्टर यांनी एकमेकींना अंगठ्या दिल्या आणि ३० मार्च रोजी, ईस्टरच्या रविवारी, यॉर्कमधल्या गुडरॅमगेट रस्त्यावरच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन घेतलं. दोघींच्या लेखी हे लग्न होतं.

आता नेहमीच्या पद्धतीने शोध घेणारा संशोधक काय करील? तो चर्चची विवाह नोंदवही काढील. तिथे काही नाही, असणार कसं? त्या नोंदवहीपुरतं पाहिलं तर दोघी आजन्म अविवाहित. रोजनिशीत मात्र तो दिवस आहे. ‘रोजनिशीत काय कुणीही काहीही लिहील’ असं म्हणणाऱ्याला उत्तर मृत्युपत्रांत मिळतं. दोघींनी आपली मृत्युपत्रं बदलून एकमेकींना मिळकतीवर हयातीपुरता हक्क दिला. वॉकरने पुढे कुणाशी लग्न केलं तर तो हक्क जाईल, अशी अट अ‍ॅनने घातली. विधवेसाठी नवरा जशी अट घाली, तशीच ही. तिसरा पुरावा वर्तमानपत्राचा. जानेवारी १८३५ मध्ये ‘लीड्स मर्क्युरी’त एक खोडसाळ विवाहवार्ता छापून आली : शिब्डन हॉलच्या कॅप्टन टॉम लिस्टर यांचा मिस अ‍ॅन वॉकर यांच्याशी विवाह. गावाला कळलं होतं. गाव त्यांना टोचत होतं. चर्चच्या वहीने न सांगितलेली गोष्ट एका सांकेतिक पानाने, एका कायदेशीर दस्तऐवजाने आणि एका हलकट जाहिरातीने मिळून सिद्ध केली.

घराण्यातल्या चाकोरीबाहेरच्या माणसांसाठी मृत्युपत्र हा फार मोलाचा कागद असतो असं या प्रकरणावरून मी शिकलो. नात्याला नाव द्यायला समाज तयार नसला तरी मिळकत कोणाला जावी हे लिहिताना माणसाला नाव घ्यावंच लागतं.

अ‍ॅनलाही कागदाचं बळ चांगलं ठाऊक होतं. ऑगस्ट १८३८ मध्ये तिने पिरेनीज पर्वतातलं विन्यमाल शिखर सर केलं. चारच दिवसांनी नेपोलियनच्या ‘ने’ नावाच्या सेनापतीचा मुलगा, मॉस्कोव्हाचा राजपुत्र, वर गेला आणि पहिला मान आपलाच असल्याची बोलवा झाली. अ‍ॅन शिखरापर्यंत पोचलीच नाही, असं वाटाड्या काझो याने राजपुत्राला सांगितलं होतं. अ‍ॅनने वकील गाठला आणि ती खरोखर वर पोचली होती, असं काझोकडून लेखी घेतलं. बाईचा शब्द कमी भरतो हे तिला अनुभवाने माहीत होतं, म्हणून तिने सहीचा कागद केला.

याच कागदांत न आवडणारी अ‍ॅनही आहे आणि तिला वगळून चालणार नाही. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मताचा हक्क स्पष्ट शब्दांत पुरुषांपुरता ठेवला. अ‍ॅनला मत नव्हतं, पण तिच्या कुळांना होतं. मतदान तेव्हा उघड चाले. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. अ‍ॅन आपल्या कुळांवर टोरी, म्हणजे हुजूर पक्षाच्या, उमेदवाराला मत देण्यासाठी दडपण आणी, आणि ते ती स्वच्छपणे लिहून ठेवते. वॉकरशी जुळवताना तिच्या संपत्तीचा हिशेबही तिच्या मनात होता, हेही सांकेतिक पानांत आहे. पूर्वजांत बंडखोर बाई सापडली की आपण तिला लगेच देव्हाऱ्यात बसवतो. अ‍ॅन तिथे बसत नाही. ती जमीनदार होती, वर्गाचा ताठा असलेली, पैशाला घट्ट. तिचं धैर्यही याच स्वभावातून आलेलं होतं.

मृत्यू, कुलूप आणि गठ्ठे

१८३९ मध्ये दोघी रशियाच्या प्रवासाला निघाल्या आणि पुढे कॉकेशसपर्यंत गेल्या. रोजनिशीतली शेवटची नोंद ११ ऑगस्ट १८४० ची. एलायझाच्या त्या पहिल्या नोंदीला त्याच दिवशी चौतीस वर्षं पूर्ण झाली होती. २२ सप्टेंबर १८४० रोजी आजच्या जॉर्जियातल्या कुटाइसी इथे अ‍ॅन तापाने गेली. वॉकरने तिचा देह एवढ्या दुरून हॅलिफॅक्सला आणला. दफन झालं २९ एप्रिल १८४१ रोजी. एका बाईने दुसऱ्या बाईसाठी केलेला हा प्रवास विवाहाच्या कुठल्याही नोंदीपेक्षा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

मृत्युपत्राप्रमाणे वॉकर शिब्डनमध्ये राहू लागली. पण १८४३ मध्ये तिलाही अस्थिर मनाची ठरवून यॉर्कच्या इस्पितळात हलवलं गेलं. एलायझा आणि वॉकर, अ‍ॅनच्या आयुष्यातल्या दोन संपत्तिवान बायका, आणि दोघींची वासलात एकाच प्रकारे लागली. या योगायोगाकडे घाईने बोट दाखवू नये, दोघींना खरंच त्रास होता हेही कागद सांगतात. तरी बाईच्या मिळकतीचा प्रश्न आला की तिच्या मनःस्थितीचा प्रश्न लगोलग पुढे येतो, हे त्या शतकातल्या अनेक घराण्यांच्या कागदांत दिसतं. आपल्या घराण्यातली एखादी ‘डोक्याने अधू’ म्हणून उल्लेखलेली बाई भेटली तर त्याच वर्षांचे जमिनीचे कागद जरूर पाहावेत.

वॉकर १८५४ मध्ये वारली. मृत्युपत्रातल्या पुढच्या तरतुदीनुसार मिळकत लिस्टरांच्या दुसऱ्या शाखेकडे गेली आणि जॉन लिस्टर हा मुलगा आईवडिलांबरोबर शिब्डनला आला.

जॉन लिस्टरची रात्र

जॉन (१८४७–१९३३) हा या प्रकरणातला मला सर्वांत विचारात पाडणारा माणूस. इतिहासाचा व्यासंगी, समाजवादी, १८९३ मध्ये स्थापन झालेल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीचा पहिला खजिनदार. टोरी जमीनदारिणीचा वाडा आणि तिच्या वह्या अशा माणसाच्या हाती आल्या. त्याने त्यांचं मोल ओळखलं. १८८७ ते १८९२ या काळात ‘हॅलिफॅक्स गार्डियन’मध्ये त्याने रोजनिशीतले उतारे १२१ हप्त्यांत छापले. सगळे साध्या लिपीतले : निवडणुका, रस्ते, खाणी, गावातले लोक. अ‍ॅन प्रथम जगापुढे आली ती पन्नास वर्षांपूर्वीच्या हॅलिफॅक्सची साक्षीदार म्हणून.

मग तो सांकेतिक भागाकडे वळला. मदतीला आर्थर बरेल हा ब्रॅडफर्डचा शिक्षक मित्र होता. बरेलने १९३६ मध्ये हॅलिफॅक्सच्या ग्रंथपालांना लिहिलेल्या पत्रात ती हकीकत आहे. दोन अक्षरांचा अंदाज त्यांना आला होता. पुढे जुन्या खरेदीखतांच्या ढिगात एक चिठोरा मिळाला. त्यावर इंग्रजीत ‘देवावर माझी’ अशा अर्थाचे शब्द आणि पुढचा एक शब्द चिन्हांत. तो शब्द ‘आशा’ असणार हे त्यांच्या लक्षात आलं. चार अक्षरं हाती आली आणि त्याच रात्री, पहाटे दोनच्या सुमाराला, सगळी किल्ली त्यांच्यापुढे होती.

बरेलने ही हकीकत चाळीसहून अधिक वर्षांनी आठवून लिहिली, हे साक्ष तोलताना विसरू नये. पण पुढे जे घडलं त्यात शंका घ्यायला जागा नाही. त्यांनी वाचलं, आणि बरेल हादरला. त्याने हे सगळं जाळून टाकण्याचा सल्ला दिला. जॉन अस्वस्थ झाला, पण त्याने तो मानला नाही. वह्या भिंतीच्या लाकडी तक्तपोशीमागे परत ठेवल्या आणि वर्तमानपत्रातली मालिका पुन्हा कधी सुरू केली नाही.

जॉनवर भित्रेपणाचा शिक्का मारणं सोपं आहे. मला तसं करवत नाही. १८८५ मध्ये संमत झालेल्या कायद्यातल्या लबूशेर कलमाने पुरुषांमधल्या अशा संबंधांना तुरुंगवासाची शिक्षा ठरवली होती. ते कलम बायकांना लागू नव्हतं. पण अविवाहित, सार्वजनिक जीवनात असलेल्या पुरुषाने आपल्याच घरातली अशी रोजनिशी छापली असती तर बोटं कुणाकडे वळली असती, हे समजायला फार कल्पना लागत नाही. काही इतिहासकारांनी जॉनच्या स्वतःच्या कलाबद्दलही तर्क केला आहे. त्याच्याकडे तीन वाटा होत्या : छापणं, जाळणं, लपवणं. त्याने तिसरी निवडली आणि तेवढ्याने सगळं वाचलं. जळालेल्या वहीला पुढच्या पिढीतला कुठलाही धीट वाचक उपयोगी पडत नाही.

इथे आपल्या कुलवृत्तांतांची आठवण होते. त्यांत ‘लहानपणी वारली’, ‘माहेरीच राहिली’ अशा अर्ध्या ओळीत बाई संपते. ती ओळ लिहिणाऱ्या संपादकापुढे कधीकाळी कुठले कागद होते, त्यांचं त्याने काय केलं, हे विचारायला हवं.

किल्ली तिजोरीत

जॉनला पैशाची ओढाताण झाली. १९२३ मध्ये एका नगरसेवकाने शिब्डन विकत घेऊन गावाला दिलं. जॉन मरेपर्यंत तिथेच राहिला आणि १९३४ मध्ये वाडा संग्रहालय म्हणून खुला झाला. घराण्याचं दप्तर सार्वजनिक झालं. ग्रंथपाल एडवर्ड ग्रीन यांनी बरेलकडून किल्ली मिळवली आणि ती कुलपात ठेवली. त्यांची मुलगी म्युरिएल ग्रीन यांनी त्या दशकात अ‍ॅनची पत्रं लावली, त्यांवर १९३८ मध्ये प्रबंध लिहिला. किल्ली त्यांना माहीत होती. त्या भागाबद्दल त्यांनी लिहिलं नाही.

१९५० च्या दशकाअखेर फिलिस रॅम्सडेन आणि व्हिव्हियन इंगम यांनी सगळी रोजनिशी पालथी घातली. पर्वतारोहण, प्रवास, खाणी यांवर त्यांनी नेटकं काम केलं आणि विषयवार टिपणं केली, ज्यांचा पुढच्यांना उपयोग झाला. अयोग्य मजकूर बाहेर पडू नये ही हॅलिफॅक्सच्या अधिकाऱ्यांची अट त्यांच्यावर होती. पुढे रॅम्सडेन यांनी सांकेतिक भाग कंटाळवाणा आहे, त्याला ऐतिहासिक मोल नाही, असा अभिप्राय लिहिला. दप्तरांचं काम करणाऱ्यांनी हे वाक्य फार काळजीने पाहावं. जॉनने तो भाग भिंतीत लपवला होता. इथे तो ‘निरुपयोगी’ या शब्दाआड गेला. एखाद्या सूचीत ‘किरकोळ’, ‘खासगी’, ‘कौटुंबिक’ असा शेरा दिसला की मी आता तोच गठ्ठा आधी मागतो.

हेलेना व्हिटब्रेड यांचं वाचन

१९८३ मध्ये हॅलिफॅक्सच्या हेलेना व्हिटब्रेड लेखनाला विषय शोधत अभिलेखागारात गेल्या. त्यांनी संसार सांभाळून उशिरा पदवी घेतली होती आणि त्या शिकवत होत्या. अ‍ॅनच्या पत्रांबद्दल विचारलं असता त्यांना चिन्हांनी भरलेलं एक पान दाखवलं गेलं, किल्लीची प्रत मिळाली. मग दर आठवड्याला सुमारे पन्नास पानांच्या छायाप्रती घरी नेऊन अक्षर-अक्षर उकलायचं, असं काम वर्षानुवर्षं चाललं. किल्ली हाती आल्यावर सांकेतिक भाग सोपा जातो, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं आहे. खरा छळ साध्या लिपीतल्या तोडलेल्या शब्दांचा.

१९८८ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पहिल्यांदाच कुणीतरी अ‍ॅनचं प्रेम तिच्या शब्दांत, लाजेविना आणि चवचालपणाविना छापलं. बायकांमधल्या प्रेमाबद्दल जुन्या काळी लेखी पुरावाच नाही, ती केवळ हळवी मैत्री असे, असं म्हणणाऱ्या इतिहासकारांना त्यानंतर आपली मांडणी तपासावी लागली.

नव्वदच्या दशकात जिल लिडिंग्टन यांनी १८३० च्या दशकाचे कागद घेतले आणि मिळकत, राजकारण, वॉकरशी नातं हे सगळं एकत्र वाचलं. मला ही पद्धत सर्वांत सशक्त वाटते. सकाळी कुळाला दटावणारी, दुपारी कोळशाचा भाव ठरवणारी आणि रात्री चिन्हांत मन मोकळं करणारी बाई एकच आहे. जॉनने एक अर्धी छापली. १९८८ नंतर अनेकांनी दुसऱ्या अर्धीवरच लक्ष ठेवलं. रोजनिशीत मात्र दोन्ही एकाच पानावर, एकाच दिवसाखाली आहेत. २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती उपक्रमाच्या ब्रिटनमधल्या नोंदपटात या वह्यांचा समावेश झाला. २०१९ मध्ये अ‍ॅनच्या आयुष्यावरची बीबीसीची मालिका आल्यावर जगभरचे स्वयंसेवक वेस्ट यॉर्कशर अभिलेख सेवेसाठी पानं उकलायला पुढे आले. ज्या मजकुराला मोल नाही म्हणून सांगितलं गेलं होतं, तो आता ते लोक ओळीओळीने उतरवून काढू लागले.

तरी तिला काय म्हणायचं हा प्रश्न संपला नाही. २०१८ मध्ये यॉर्कच्या त्या चर्चबाहेर पाटी लागली. तिच्यावर रूढ लिंगभावाच्या चौकटीत न बसणारी उद्योजिका अशा अर्थाचे शब्द होते. लेस्बियन हा शब्द नव्हता. लोकांनी सह्यांची मोहीम काढली आणि २०१९ मध्ये पाटी बदलून तो शब्द घातला गेला. हा वाद काहींना क्षुल्लक वाटला. जॉन, ग्रीन, रॅम्सडेन यांच्या हातून काय काय गळत गेलं ते पाहिल्यावर मला तो क्षुल्लक वाटत नाही. तोच शब्द पुन्हा गळला होता.

वॉकरची वही

इतकं लिखाण मागे ठेवणाऱ्या बाईची आणखी एक अडचण असते. तिच्या आसपासची माणसं आपल्याला तिच्याच डोळ्यांनी दिसतात. अ‍ॅन वॉकर दीडशेहून अधिक वर्षं अ‍ॅन लिस्टरच्या वाक्यांत जगली : हळवी, रडवी, सतत आजारी, निर्णय न घेणारी. अभ्यासकांनीही बराच काळ तेच वर्णन पुढे चालवलं.

२०२० मध्ये हॅलिफॅक्सच्याच अभिलेखागारात, लिस्टरांच्या मुख्य दप्तराबाहेरच्या कागदांत, एका स्वयंसेवी संशोधिकेला एक छोटी रोजनिशी मिळाली. ती वॉकरची होती. जून १८३४ ते फेब्रुवारी १८३५. म्हणजे ईस्टरनंतरचा दोघींचा फ्रान्स-स्वित्झर्लंडचा प्रवास आणि शिब्डनमधल्या एकत्र संसाराची सुरुवात. आता त्याच तारखा दोन हातांनी लिहिलेल्या मिळतात आणि अ‍ॅनच्या वर्णनातली वॉकर वॉकरच्याच नोंदींशी ताडून पाहता येते.

ही वही कुणी लपवलेली नव्हती. ती दुसऱ्या नावाखाली होती आणि वॉकरची म्हणून तिला कुणी मागितली नव्हती. लिस्टरांच्या दप्तरात आयुष्य काढलेल्यांना ती दिसली नाही, कारण ते एका घराण्याचे कागद पाहत होते आणि ही बाई दोन घराण्यांच्या मधे राहिली होती. घराण्यातल्या वेगळ्या वाटेने गेलेल्या बाईचा शोध घेणाऱ्याने म्हणून शेजाऱ्यांचे, मैत्रिणींचे, वकिलांचे आणि वैऱ्यांचेही गठ्ठे मागवावेत. हॅलिफॅक्समध्ये आता वॉकरचा शोध याच पद्धतीने, अ‍ॅनच्या सावलीबाहेर, स्वतंत्रपणे सुरू आहे.